सोन्याच्या ढाली, पितळेच्या ढाली : सांगलीतला शनिवारचा अभ्यासवर्ग

मी विट्याचा, गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा. उमेद सगळी तामिळनाडूत भट्टीपुढं गेली, आता दुकान पोराकडं आणि मी सांगलीत. शेजारचे ख्रिस्ती मास्तर म्हणाले, "दादा, बायबलात सोनं लई आहे, या की ऐकायला." म्हणून चर्चच्या हॉलमधल्या या वर्गाला जायला लागलो. विषय, इब्री शास्त्रातलं, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं, राजवैभव आणि उपासना. फी नाही, झेरॉक्सचे पैसे तेवढे घेतात.

राजानं देऊळ बांधायचं, हे पटवर्धनांच्या गणपतीला जाणाऱ्या सांगलीकराला नवं नाही. पण वर्ग घेणारे सर वाचायला लावतात ते वेगळंच. यरुशलेमात देवाचं मंदिर बांधणाऱ्या शलमोन राजाचं हस्तिदंती सिंहासन, त्यावर चोख सोन्याचा पत्रा, सहा पायऱ्यांवर बारा सिंह. मी खूश! लगेच सरांनी बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या नियमशास्त्राच्या पुस्तकाचा सतरावा अध्याय उघडला : राजानं घोडे, बायका, सोनं-रुपं फार वाढवू नये. शिवाय मंदिराला सात वर्षं, स्वतःच्या वाड्याला तेरा. लिहिणाऱ्यानं दोन्ही आकडे शेजारी मांडलेत आणि स्वतः गप्प बसलाय.

ढालींचा तास मात्र सगळ्यांत भारी. शलमोनानं २०० मोठ्या ढाली घडवल्या, एकेकीला ६०० शेकेल सोनं. सरांच्या हिशेबानं साडेसहा-सात किलो. मऊ सोन्याची एवढी जड ढाल लढाईला कोण नेतंय? ती मिरवायचीच. पुढं त्याचा मुलगा रहबाम गादीवर असताना मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा शिशक चालून आला आणि सगळ्या घेऊन गेला. रहबामानं पितळेच्या केल्या. राजा मंदिरात निघाला की पहारेकरी त्या धरायचे, नंतर पुन्हा चौकीत नेऊन ठेवायचे. थाट तोच, टंच (धातूचा कस) उतरला. एक ताई म्हणाल्या, "बिचाऱ्यानं करायचं तरी काय? देवाला जायचं बंद करायचं का?" त्यावरून जे जुंपलं! सरांनी मिटवलं नाही, हे मला आवडलं.

तक्रारी आहेत. झेरॉक्सचा टाइप मुंगीएवढा. चहापायी वर्ग उशिरा सुरू होतो. राजाच्या लग्नाचं ४५वं स्तोत्र, गंधरस लावलेली वस्त्रं, सोन्यासाठी नावाजलेल्या ओफीर देशाच्या सोन्यानं मढलेली राणी, हे सगळं घाईत उरकलं.

पाचपैकी चार. पुढं यशया संदेष्ट्याचं पुस्तक घेणार आहेत : उज्जीया राजा मेला त्या वर्षी त्याला प्रभू सिंहासनावर दिसला, नुसत्या झग्याच्या घोळानं मंदिर भरलेलं. यायचं तर चष्मा आणा आणि खिडकीकडंची खुर्ची धरा, पंखा तिथलाच चालतो.