व्हायलवर एसकेओव्ही-३, आत हेला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाची एसकेओव्ही-३ ही सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) आम्ही एका एजंटाकडून घेतली. विभागात रसायनं, प्लास्टिकवेअर तोच पुरवायचा. दर जवळपास निम्मा, आठवड्यात डिलिव्हरी, सोबत एसटीआर रिपोर्ट, म्हणजे डीएनएवरून पेशींची ओळख पटवणाऱ्या चाचणीचा अहवाल. ग्रँट संपत आली होती, सरांनी सही केली. गोठवलेल्या पेशींच्या दोन व्हायल, म्हणजे छोट्या कुप्या, आल्या.

एसकेओव्ही-३ दुप्पट व्हायला दोन दिवसांच्या आसपास घेते. आमच्या पेशी हिमोसायटोमीटरवर मोजल्या तर २४ तासांतच दुप्पट. पोषणासाठी घातलेलं सीरम चांगलं लागलंय, असं मी वहीत लिहिलं. जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीच्या ९६ वेलच्या (खाचांच्या) प्लेटा एकसारख्या जांभळ्या यायच्या, ५७० नॅनोमीटरची रीडिंग्ज तिन्ही रिपीटमध्ये जुळायची. पण एमटीटीवरून कळतं ते किती पेशी जिवंत आहेत एवढंच. त्या कोणत्या आहेत हे तो जांभळा रंग सांगत नाही, आणि आम्हाला ते शिकवताना कुणी सांगतही नाही.

संशय आला वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे पेशींतलं ठरावीक प्रथिन रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत. एसकेओव्ही-३ मध्ये हर-टू प्रथिन भरपूर असतं. माझ्या फिल्मवर सगळ्याच पेशींत असणाऱ्या अ‍ॅक्टिनची रेघ ठसठशीत आणि हर-टूची जेमतेम दिसेल अशी. अँटिबॉडी बदलली, तेच. मग डीएनए एसटीआरला पाठवला. डी१३एस३१७ या डीएनएवरच्या जागेसमोर १२ आणि १३.३. तो १३.३ म्हणजे हेलाची ओळखखूण. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी. आठ महिने औषधाचे डोस मी त्या पेशींवर तपासत होते.

एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, भेसळ तुमच्याच लॅबमध्ये झाली असणार." हेला दुसऱ्या कल्चरमध्ये शिरते हे खरंच आहे, त्यामुळे मला पटकन उत्तर सुचेना. पण दुसरी व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये तशीच सीलबंद होती. तिच्यातून थेट डीएनए काढला. हेलाच. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. त्याचा रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला तेव्हा दिसलं, आकडे एसकेओव्ही-३चेच, पण लॉट नंबरची जागा कोरी. दुसऱ्याच कुणाच्या रिपोर्टची झेरॉक्स.

लाइन घ्यायची तर वेळ लागला तरी पुण्याच्या एनसीसीएससारख्या पेशी-भांडारातून घ्या. रिपोर्टवरचा लॉट नंबर व्हायलशी स्वतः जुळवा, एक व्हायल सीलबंद ठेवा, आणि स्वतः करून घेतलेला एसटीआर हातात येईपर्यंत एमटीटीची पहिली प्लेटही लावू नका. तो एजंट अजून कोटेशन घेऊन विभागाविभागांत फिरतोय.