डिचोलीतल्या गच्चीवरचा पांढरा रंग: घ्यावा की नको?

आधी निकाल सांगते, मग बाकीची कैफियत. तुमचं घर स्लॅबचं असेल, वरच्या मजल्यावर तुमचं राहणं किंवा काम असेल आणि दरवर्षी एकदा गच्ची घासून काढायची तयारी असेल, तर ऊन परतवणारा पांढरा रंग जरूर लावा. घासणं जमणार नसेल तर नका लावू. तेच पैसे चांगल्या पंख्याला घाला.

मी गोव्यात डिचोलीला शिवणकाम करते. घराच्या वरच्या खोलीत दोन मशिनी, एक इंटरलॉक, कापडं कापायचं टेबल आणि इस्त्री, एवढा माझा पसारा. काम मुख्यतः शाळांच्या गणवेशांचं. पूर्वी त्याची घाई मे महिन्यात असायची, आणि निदान महिनाअखेरीस आभाळ तरी भरून यायचं. २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीच्या वर्गांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू करायला लागले. उन्हात मुलांचं काय होईल म्हणून पालकांनी ओरडा केला, तो ऐकला गेला नाही. माझ्यापुरता अर्थ एवढाच, की गणवेशांचा ढीग आता मार्चमध्येच टेबलावर येतो. बरं, मार्च म्हणजे काही गुलाबी थंडी नव्हे. २०२३ साली मार्चच्याच ९ आणि १० तारखेला उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे सरकारने दुपारच्या आधी शाळा सोडल्या होत्या.

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला टीप घालताना कपाळावरचा घाम नेमका त्याच कॉलरवर पडतो. ओला असताना दिसत नाही, वर इस्त्री फिरली की पिवळट डाग उमटतो. म्हणून मी मनगटाला पंचा बांधून बसते. पंखा पाचवर ठेवला की कागदाचे बेत उडतात, खुणा केलेले तुकडे टेबलाखाली जातात. त्यामुळे तो दोनवर. त्यात पंखा चालतो म्हणजे काय, तर स्लॅबची तापलेली हवा आपल्याच डोक्यावर ओततो.

आपल्याकडचा उन्हाळा घाटावरच्यांना कळत नाही. माझी बहीण बेळगावला असते. ती म्हणते, "तुमच्याकडे पारा चाळिशीला तरी कुठे जातो?" जात नाहीच. हवामान खातं मैदानात ४० अंशांच्या पुढे लाटेचा विचार करतं, किनारपट्टीला मात्र ३७ धरतं, आणि तेही नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर. हा फरक उगाच नाही. हवेत आधीच इतका दमटपणा असतो की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. याच कारणाने पाण्याचा कूलर इथे कुचकामी आहे. भाच्याने हौसेने पुण्याहून आणला होता. त्याने खोलीत आणखी ओल भरली, कापडाला कुबट वास आला, आणि आता तो जिन्याखाली कांद्याबटाट्यांची टोपली म्हणून उपयोगी पडतो. चांगली हवेशीर टोपली आहे.

दमटपणाचं आपण काही करू शकत नाही. पण वरून जो भाजका शेक येतो त्याचं करू शकतो. चार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते काही तासांनी हळूहळू खाली सोडतो. म्हणून दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सातला खोली जास्त असह्य होते. बाहेर वारा सुटलेला असतो, आत छत तव्यासारखं तापलेलं. जुन्या मंगळुरी नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, घरात हे होत नाही. नळे पातळ, तापतात तसेच लवकर निवतात, आणि फटींमधून गरम हवा वर निघून जाते. आमच्या पिढीने ती घरं पाडून अभिमानाने स्लॅब घातले, आता स्लॅबवर पत्र्याची शेड चढवतोय.

तर रंग. दुकानात 'हीटप्रूफ', 'कूल रूफ' अशा नावांनी मिळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तीन-चार नामांकित कंपन्यांचा माल मला तरी एकाच पंक्तीतला वाटला. बघायचं ते डब्यामागच्या बारीक अक्षरांत. तिथे एसआरआय नावाचा आकडा असतो, पृष्ठभाग उन्हात किती कमी तापतो ते सांगणारा. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरावीक पांढऱ्याला शंभर धरून तो काढतात. शंभरच्या आसपास किंवा वर असेल तर घ्या. आकडाच छापलेला नसेल तर दुकानदाराच्या तोंडपाठ भाषणावर जाऊ नका. "यात काचेचे सूक्ष्म पोकळ मणी आहेत, ते उष्णता अडवतात" हेही मला ऐकवलं गेलं. अर्ध्या मिलिमीटरच्या थराने कसली उष्णता अडणार? काम करतो तो पांढरेपणा. ऊन आत शिरण्याआधीच परत जातं, बस्स. खरं तर साधा बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंगही नवा असताना पुष्कळ ऊन परतवतो. पण गच्चीवर साचलेलं पाणी आणि स्लॅबचं आकुंचन-प्रसरण त्याला झेपत नाही, पापुद्रे सुटतात. गच्चीसाठीचा रंग रबरासारखा ताणतो, जास्तीचे पैसे त्याचे आहेत. चुना सगळ्यात स्वस्त, कोरड्या मुलखात ठीकही असेल. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमचा चुना अंगणात.

आमची गच्ची सहाशे चौरस फुटांची. एक २० लिटरची बादली पुरेल असं सांगितलं होतं, वर ४ लिटरचा डबा आणावा लागला. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं, जुना खडबडीत स्लॅब रंग पितो. भेगा भरायचं सामान आणि मजुरी धरून १४,००० च्या आसपास गेले. इथे एक सावधगिरी. आमच्या कंत्राटदाराने पहिला हात पातळ दिला, तो तसाच द्यायचा असतो. पण दुसऱ्या हातालाही बादलीत तांब्यावर तांब्या पाणी ओतायला लागला. मी कात्री तशीच हातात घेऊन वर गेले आणि काम संपेपर्यंत टाकीला टेकून उभी राहिले. त्यानंतर पाणी बंद झालं. तुम्हीही उभे राहा. लाज वाटू देऊ नका.

वेळ दिवाळीनंतरची साधा. स्लॅब पूर्ण सुकलेला असतो आणि ऊन असतं. फक्त दव पडायच्या आत थर वाळायला हवा, म्हणजे काम दुपारी बाराच्या आत उरका. मे महिन्यात तापल्या स्लॅबवर लावलात तर ब्रश फिरवता फिरवता रंग सुकतो आणि पट्टे उठतात.

फरक किती पडला? सासूबाईंच्या हट्टापायी टाकीजवळचा एक पट्टा रंगाविना ठेवला होता (कारण पुढे सांगते), त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. भाचा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. त्याच्याकडून तापमान मोजायची बंदूक आणली. करोनात कपाळावर रोखायचे तसलीच दिसते, पण यंत्रांसाठीची. एप्रिलमधल्या एका दुपारी दोनला उघडा पट्टा ६१ अंश, त्याला लागून पांढरा ४४. पांढऱ्यावर अनवाणी उभं राहता येतं, पट्ट्यावर पाय टेकवत नाही. खाली खोलीतला काटा मात्र जेमतेम दोन-तीन अंशांनीच उतरला. हे ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी चौदा हजार?" पण काटा हवेचं तापमान सांगतो, छतातून डोक्यावर येणारा शेक सांगत नाही. तो शेक गेला. संध्याकाळी सातनंतर, जेव्हा पूर्वी मी मशीन बंद करून पायरीवर जाऊन बसायचे, तेव्हा आता दोन-तीन शर्ट जास्त होतात. माझ्यासाठी हिशेब तिथेच मिटला.

आता तक्रारी. पहिली धुळीची. डिचोली खाणपट्ट्यात आहे, हे रंगाच्या जाहिरातवाल्यांना कोण सांगणार? २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि आता परत ट्रक धावतायत. लाल भुकटी गच्चीवर बसते. फेब्रुवारीअखेर माझी पांढरी गच्ची कावेच्या रंगाची झाली होती, आणि ती मळकी असताना बंदुकीने ५० दाखवले. म्हणजे निम्मा नसला तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फायदा धुळीने खाल्ला. खाणीवर पोट असणारी माझी गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे मी या विषयावर दुकानात तोंड उघडत नाही. गच्ची मात्र बोलते.

दुसरी शेवाळाची. पावसाळ्यात पांढऱ्यावर आधी हिरवी, मग काळी बुरशी चढते, विशेषतः पाणी साचतं त्या कोपऱ्यात. नोव्हेंबरात मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासा, मार्चच्या आत पुन्हा एकदा नुसतं धुऊन घ्या. खराटा नको, त्याने थर खरवडतो. धुवायला विहिरीचं पाणी वापरते, नळाच्या पाण्याने गच्ची धुवायची म्हणजे उन्हाळ्यात पाप आहे.

तिसरी तक्रार माझी नाही, सासूबाईंची. दर उन्हाळ्यात त्या गच्चीवर सोलां, म्हणजे आमसुलं, सुकवतात. रंग लागल्यावर म्हणाल्या, "तुझ्या ह्या गच्चीवर उन्हाला धारच राहिली नाही." बरोबर आहे त्यांचं. खालून शेक मिळत नाही म्हणून सोलां वाळायला वेळ लागतो, आणि भिंडांच्या (कोकमांच्या) आगळाचा, म्हणजे रसाचा, एक थेंब सांडला तर जांभळा डाग कायमचा. तो उघडा पट्टा त्यांचा. आणि हो, दुपारी वर गेलात तर डोळे दिपतात. समोरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किदें गो, तुज्या गच्चेर बर्फ पडलां?" त्यांच्या वरच्या खिडकीत चकाकी जाते हे नंतर कळलं, म्हणून त्या बाजूच्या कठड्याला फिकट राखाडी लावून दिला.

चौथी, "गळतीही थांबेल" हा दावा. केसाएवढ्या भेगांपुरतं ठीक. आमच्या जिन्याच्या डोक्यावरची गळती जशीच्या तशी आहे. त्याला वेगळं वॉटरप्रूफिंग लागतं, आणि ते रंगाच्या आधी.

एसी का नाही घेतला, असं दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं. एसीला माझा तत्त्वाचा विरोध नाही. घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर खुशाल लावा, २४ वर ठेवा. पण कापडाचा कचरा, दिवसभर उघडं-मिट होणारं दार आणि इस्त्रीची वाफ, यात तो काय थंड करणार? शिवाय वीज येते कुठून हे मोलेंच्या रानातल्या वीजवाहिनीविरुद्धच्या आंदोलनामुळे निदान आम्हाला तरी ठाऊक झालं. गोव्यात म्हणण्यासारखं वीजकेंद्र नाही. मोठा हिस्सा छत्तीसगडसारख्या ठिकाणच्या कोळशावर तयार होऊन येतो. २०२० साली मोलेंच्या रानातून नवी वीजवाहिनी न्यायला निघाले तेव्हा पोरं रस्त्यावर उतरली, आणि त्याच संध्याकाळी आमच्या वाड्यावर नवा एसी बसल्याचे पेढेही वाटले गेले. मी पेढा खाल्ला. मला त्यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण स्लॅब उघड्यावर भाजत ठेवून खाली मशीन लावून खोली गार करायची, ही उधळपट्टी मला शिवणकामातल्या माणसाला बघवत नाही. आधी कापड नीट बेता, मग शिवा.

हे एकट्यादुकट्याने करायचं कामही नव्हे. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी केली. तेलंगणाने २०२३ साली छपरांसाठी धोरणच आणलं. आपल्या पंचायती गटारं रंगवतात. एखाद्या पंचायतीने निदान प्राथमिक शाळा आणि अंगणवाड्यांचे स्लॅब रंगवले तर मुलांना दुपारी घरी पाठवायची वेळ कमी येईल.

रंगाबरोबर मी पंखाही बदलला, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा. जुना ७५ वॉट खायचा, हा तीसच्या आसपास. स्लॅब निवल्यावरच पंख्याचा वारा वारा वाटतो, म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी छत, मग पंखा.

भाड्याच्या घरात असाल, पुढच्या दोन-तीन वर्षांत वर मजला चढवणार असाल किंवा गच्चीवर आधीच पत्र्याची शेड असेल, तर स्लॅबवर हा खर्च करू नका. शेडवाल्यांनी पत्र्यालाच वरून पांढरा द्यावा, पत्र्यासाठीचा डबा वेगळा मिळतो. आणि सूर्यघर योजनेतून सौर पॅनल बसवायचा विचार असेल तर आधी पॅनल, मग उरलेल्या जागेला रंग. पॅनलखाली सावली असतेच, तिथे रंगाची गरज नाही. शिवाय सांगाड्यासाठी भोकं पाडली की रंगाचा थर फुटतो, आणि पहिल्याच पावसात पाणी तिथूनच शिरतं.