पुढचं काय विणायचं: पिंटरेस्ट, यूट्यूब, रॅव्हलरी की कपाटातला जुना रुमाल?

क्रोशाची सुई हातात घेऊन वर्ष झालं, घरातल्या प्रत्येक कपाखाली कोस्टर गेला, नात्यातल्या सगळ्या तान्ह्या बाळांना टोपडी पोचली, की हात थबकतो. परवा भाचीने विचारलं, "मावशी, आता पुढचं कुठून शोधू?" मी उलट विचारलं, "तुला वस्तू नवी हवीय की टाका नवा हवाय?" तिला दोन्ही एकच वाटत होतं. खरं तर इथूनच वाटा फुटतात. वस्तू शोधायच्या जागा वेगळ्या, टाके शिकायच्या वेगळ्या, आणि दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील म्हणून बसलेली माणसं संध्याकाळभर फोन चाळून सुई न उचलताच झोपतात.

पिंटरेस्टपासूनच सुरू करते, कारण बहुतेक जणी तिथेच जातात. साडीच्या दुकानाच्या काचेबाहेर उभं राहण्यासारखं आहे ते. डोळे भरतात, हाती काही लागत नाही. चित्रावर बोट ठेवावं तर पॅटर्नच्या जागी बंद पडलेलं पान उघडतं, नाहीतर तेच चित्र पुन्हा. आता त्यात यंत्राने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. क्रोशाचा आख्खा मोर, पिसाऱ्यावर पंधरा रंग, आणि खाली 'सोपा पॅटर्न'. ओळखायची माझी एक पद्धत आहे. चित्र मोठं करायचं आणि ओळ कुठे संपते, पाकळी कुठल्या टाक्यातून निघते ते बोटाने दाखवून बघायचं. दाखवता आलं नाही तर ती वस्तू कोणी विणलेलीच नाही. रंगसंगतीसाठी मात्र पिंटरेस्ट मला आवडतं. मोरपंखीशेजारी गेरू किती छान दिसतो, हे मला तिथेच कळलं. इन्स्टाग्रामचंही थोडंफार हेच, फक्त तिथे वस्तू कोणाच्या तरी हातात हललेली दिसते, एवढा भरवसा जास्त.

टाका शिकायचा असेल तर यूट्यूबला तोड नाही. काही टाके शब्दांत सांगताच येत नाहीत. बुलियन घ्या. सुईवर सात-आठ वेढे घ्यायचे आणि धागा त्या सगळ्यांतून एकदम ओढून काढायचा. हे वाचून कोणाला जमलं असेल असं मला वाटत नाही. वेढे किती सैल ठेवायचे आणि अंगठा कुठे दाबायचा, हे बघावंच लागतं. बाहुल्यांच्या डोक्याची सुरुवात जिथून होते ते धाग्याचं ओढून घट्ट करायचं कडंही तसंच. वेग पाऊणपट करा आणि तोच अर्धा मिनिट दहा वेळा बघा. शिवाय मराठी-हिंदी चॅनेलांवर तोरणं, बाळकृष्णाचं अंगडं, देव्हाऱ्यातली आसनं, रुखवतातल्या वस्तू असं आपल्या घरांत लागणारं सामान मिळतं. परदेशी पॅटर्नांमध्ये रुखवत कुठून येणार?

पण आख्खी वस्तू व्हिडिओवर विणणं हा छळ आहे. चौदाव्या ओळीवर दूध उतू जातं, परत येऊन बघावं तर बाई बाविसाव्या ओळीवर पोचलेल्या असतात. म्हणून मी आधी वही घेऊन बसते, ओळीओळीचे टाके लिहून काढते आणि मग विणायला घेते. कंटाळवाणं आहे, पण त्या वहीतला पॅटर्न नंतर कधीही काढता येतो.

रॅव्हलरी ही तिसरी जागा, आणि नवी वस्तू हवी असेल तर माझा कौल तिलाच. विणणाऱ्यांसाठीचं हे संकेतस्थळ जेस आणि कॅसिडी फोर्ब्स यांनी २००७ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. खातं फुकट आहे. भाषा इंग्रजी आणि रूप जरा किचकट, म्हणून पहिल्या दिवशी बऱ्याच जणी पळून जातात. थोडं थांबावं. इथे शोध चित्रापासून नाही, तुमच्या टोपलीपासून सुरू करता येतो. माझ्याकडे ३०० मीटर सुती धागा आहे, सुई ३ मिलिमीटरची आहे, पैसे खर्चायचे नाहीत, एवढं भरलं की त्यात बसणारे पॅटर्नच समोर येतात.

त्याहून मोलाचं म्हणजे, पॅटर्नखाली तो ज्यांनी विणला त्यांचे फोटो आणि टिपणं असतात. डिझायनरच्या फोटोत शाल नेहमीच सुंदर पडते, प्रकाशही खिडकीतून बरोब्बर आलेला असतो. चाळीस जणींच्या फोटोंत ती खरी दिसते. कोणाची कड गोळा झालेली, कोणाला धागा कमी पडलेला, कोणी सातव्या ओळीतली चूक दुरुस्त करून लिहून ठेवलेली. हे बघितल्याशिवाय मी आता विकतचा पॅटर्न घेत नाही.

अडचणी दोन. पहिली, तिथले लोकप्रिय पॅटर्न बरेचसे थंडीच्या देशांतले. ठाण्यात राहून लोकरीचा गळपट्टा विणायचा तर तो कपाटालाच घालायचा. शिवाय पॅटर्नमध्ये सांगितलेला धागा इथे मिळत नाही आणि आपल्या बाजारातल्या बऱ्याच गुंड्यांवर फक्त ग्रॅम लिहिलेले असतात, मीटर नाहीत. यावर साधा उपाय आहे. धागा पट्टीवर न ताणता शेजारी शेजारी गुंडाळा आणि अडीच सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. रॅव्हलरीवर धाग्याच्या जाडीला नावं आहेत, वेढे साधारण १४ म्हणजे बारीक फिंगरिंग, ११ म्हणजे मध्यम डीके, ९ म्हणजे जाड वर्स्टेड. मीटर काढायचे तर २० मीटर धागा मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा आणि त्या वजनावरून आख्ख्या गुंडीचा हिशेब करायचा.

दुसरी अडचण नावांची, आणि तिने माझा एक आख्खा स्टोल खाल्ला आहे. आपण ज्या बुटक्या, दाट टाक्याला मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. अमेरिकेतलं डबल क्रोशे म्हणजे आपला साधा, उंच खांब. मी ब्रिटिश पॅटर्न अमेरिकन समजून विणला आणि दाट वीण हवी होती तिथे जाळी झाली. खूण लक्षात ठेवा. पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे हा शब्द आला की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

ज्यांना इंग्रजीचाच वैताग आहे, त्यांनी जपानी आकृत्यांकडे जावं. हा सल्ला ऐकून लोक हसतात. पण जपानी पुस्तकांत वाचायला जवळजवळ काही नसतंच. लंबगोल म्हणजे साखळी, दांडीवर तिरकी रेघ असलेली इंग्रजी टी-सारखी खूण म्हणजे खांब, बाकी सगळं चित्र. मापं सेंटिमीटरमध्ये असतात. सुईचे आकडे तेवढे पाठ करायचे: ४/० म्हणजे २.५ मिलिमीटर, ५/० म्हणजे ३, ६/० म्हणजे ३.५. पुस्तकं महाग पडतात आणि कपडे बहुतेकदा एकाच मापात दिलेले असतात, म्हणून अंगात घालायच्या वस्तूंसाठी मी ती सुचवणार नाही. लेस, रुमाल, फुलं यांसाठी मात्र जरूर घ्यावीत.

आता कपाट. आजीने किंवा सासूबाईंनी विणलेला ताटावरचा रुमाल, कडेला मणी लावलेलं तांब्यावरचं झाकण, कधीकाळी रेडिओवर घातलेलं कव्हर. यातली एक वस्तू काढा आणि काळ्या कापडावर ठेवा. फोनवर फोटो काढून मोठा करा. मध्यापासून सुरुवात करून एका पाकळीपुरते टाके मोजा: किती खांब, मध्ये किती साखळ्या, पुढच्या फेरीत सुई टाक्यात घातली आहे की साखळीखालच्या पोकळीत. तेवढी पाकळी जाड धाग्याने, ३ मिलिमीटरच्या सुईने विणून बघा. एका फेरीला एक संध्याकाळ जाते. वेगाच्या हिशेबात ही जागा सगळ्यांत शेवटी येईल. पण इतर ठिकाणी मी पॅटर्न पाळायला शिकले, टाके वाचायला इथे शिकले, आणि टाके वाचता आले की पिंटरेस्टवरचं बिनपॅटर्नचं चित्रसुद्धा कामाचं होतं.

विणताना गोल बिघडेल. मुक्या खांबांचा गोल सपाट राहायला दर फेरीत साधारण ६ टाके वाढतात, साध्या खांबांना १२. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर. ती झालर उसवायची घाई करू नका. कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये असेच नियमाने टाके वाढवत हायपरबोलिक, म्हणजे कडेकडे झालरीसारखा पसरत जाणारा, पृष्ठभाग विणून दाखवला. तेच तंत्र घेऊन मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ पासून लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाचे प्रवाळ विणायला घेतले.

घरातलंच आणखी एक भांडार म्हणजे रांगोळीची वही. चौकटींच्या जाळीचं काम येत असेल, तर ठिपके आलेखाच्या कागदावर उतरवायचे, भरलेली चौकट आणि रिकामी चौकट. सुरुवातीला साखळ्या किती घालायच्या, तर चौकटी गुणिले ३ अधिक १, म्हणजे ४० चौकटींना १२१, वळायच्या साखळ्या वेगळ्या. आधी दहा चौकटींचा तुकडा विणून पट्टीने मोजा. माझ्या चौकटी उंच निघाल्या आणि तोरणावरच्या हंसाचा बगळा झाला.

भाचीकडे पाऊण किलो पांढरं सूत पडून होतं आणि नवा टाका हवा होता. तिने रॅव्हलरी उघडली, एक टॉप पसंत केला आणि दिवाळीपर्यंत बाजूला ठेवला. माझ्या आईच्या हातचा ताटावरचा रुमाल ती घेऊन गेली आहे. काल रात्री तिचा फोटो आला, अकराव्या फेरीचा, खाली प्रश्न: "मावशी, इथे आजीने पाच साखळ्या घातल्यात, मग पलीकडच्या पाकळीत चारच कशा?"

आईची चूक आहे ती. मी अजून सांगितलेलं नाही.