‘विजय’ हरभरा : सोलापूरच्या कोरडवाहू रानात कसा ठरतो?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हा वाण जुना आहे. पण परतीच्या पावसाच्या ओलीवरच पीक काढायचं असेल तर आजही पहिली पसंती यालाच. कारण लवकर येतो. कोरडवाहूत ८५ ते ९० दिवसांत काढणी होते, त्यामुळे जमीन भेगाळायच्या आत घाटे भरलेले असतात. हरभऱ्याला फुलोऱ्यात ३५ अंशांपुढचं तापमान सोसत नाही. पराग निकामी होतो आणि फुलं गळतात. म्हणून पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापलीकडे नेऊ नये.

एकरी २६ ते २८ किलो बियाणं पुरतं. टपोऱ्या दाण्याच्या दिग्विजय वाणाला ४० किलो लागतं. अंतर ३०×१० सेंमी. बी ओलीत पडायला हवं, वरच्या कोरड्या थरात टाकलं की उगवण विरळ. पेरणीपूर्वी बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी) आधी चोळावी, रायझोबियम (नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) त्यानंतर, आणि बी सावलीतच सुकवावं.

मर रोगाला वाण चांगला तोंड देतो. मात्र कोरडी मूळकूज हा वेगळा रोग, तो कोरड्या, तापलेल्या जमिनीत बळावतो आणि त्यापुढे हा वाण कमी पडतो. 

उणी बाजू दोन : दाणा मध्यम, आणि झाड बुटकं, त्यामुळे कंबाईनने काढता येत नाही. यंत्रानेच काढायचं असेल तर सरळ फुले विक्रम हा वाण घ्यावा.

पिशवीवर निळा टॅग (प्रमाणित बियाण्याची खूण) आणि किमान ८५ टक्के उगवणशक्ती पाहूनच घ्या. स्वपरागी पीक असल्याने घरचं निवडक बी पुढे दोन-तीन वर्षं चालतं.