आठ महिने, चार पुस्तकं आणि एक सुजलेली पोटरी

मागच्या जूनमध्ये पळण्यावरची चार पुस्तकं एकदमच मागवली. पळायला लागून वर्ष झालं होतं, कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाची फेरी न थांबता होत होती आणि नेमका तेव्हाच उत्साह ओसरायला लागला होता. आता फेब्रुवारी आहे. चारही वाचून झाली, दोन तर दोनदा. बुटांबद्दल लिहितात तसं लिहितो: किती टिकलं आणि कुठं चावलं.

माझी कसोटी साधी आहे. पहाटे पावणेपाचला गजर होतो, जुलैचा पाऊस पत्र्यावर बडवत असतो, पंचगंगा पात्राबाहेर पडलीय अशी बातमी रात्रीच ऐकलेली असते. अशा वेळी पुस्तकातलं काही आठवून माणूस पांघरूण बाजूला करतो का? बाकी भाषा, छपाई, मुखपृष्ठ सगळं नंतर.

ख्रिस्तोफर मॅकडूगलचं ‘बॉर्न टू रन’ (2009) आधी उघडलं, कारण जो तो तेच सांगतो. पाय दुखतो म्हणून डॉक्टरांचे उंबरे झिजवणारा लेखक मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनमध्ये पोचतो. तिथले ताराहुमारा लोक जुन्या टायरपासून केलेल्या चपला बांधून डोंगरदऱ्यांतून मैलोन् मैल पळतात. शेवटी 2006 सालची शर्यत येते, त्यात तिथला आर्नुल्फो अमेरिकेच्या स्कॉट ज्युरेकला हरवतो. दोन रात्रींत फडशा पाडला. पायताणांच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे वाचून चेव येणारच. तिसऱ्या दिवशी बूट घरी ठेवून मी अनवाणी रंकाळ्यावर.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात. माझं पोटरीला बांधावं लागलं. पुस्तकातला मुद्दा खोटा नाही. अनवाणी पळायची सवय असलेले लोक बहुधा पायाचा पुढचा भाग आधी टेकवतात, टाच आपटत नाहीत. 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यासही आला. पण टाचेवरचा ताण कमी झाला की तो पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. चाळीस वर्षं बुटात वाढलेल्या पोटरीला चार दिवसांत हे कसं झेपावं? पाच आठवडे पळणं बंद. आई दरवर्षी जोतिबाचे खेटे अनवाणी घालते. शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी आणून देताना म्हणाली, “मी जाते ते देवासाठी. तुझा नवस कुठल्या देवाचा हुता?”

त्या पाच आठवड्यांत हारुकी मुराकामी हाती लागला. ‘व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग’. नाव वाचतानाच धाप लागते. पहिल्यांदा पन्नास पानांवर कंटाळून ठेवून दिलं होतं, हे कबूल करतो. कुणी जिंकत नाही, खलनायक नाही, शर्यतीचा थरारही बेताचा. जाझचा बार चालवणारा हा गृहस्थ कादंबरीकार झाला, दिवसभर बसून वजन वाढायला लागलं म्हणून 1982 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी पळायला लागला, आणि पळतच राहिला. 1983 मध्ये ग्रीसच्या भर उन्हाळ्यात अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा पळाला. वाटेत गाड्यांखाली मेलेली कुत्री-मांजरं मोजत होता आणि थंडगार बिअरची स्वप्नं बघत होता. शेवटी ती बिअर मिळते, पण स्वप्नातल्याएवढी काही चांगली लागत नाही. ते पान वाचून मी या माणसाच्या प्रेमात पडलो. 1996 मध्ये होक्काइदोमधल्या सारोमा सरोवराकाठी शंभर किलोमीटर पुरे केल्यावर तर त्याची पळण्याची असोशीच कमी झाली, हेही तो लपवत नाही. प्रेरणा द्यायला निघालेल्या पुस्तकात असं कोण लिहितं?

यातली एकच गोष्ट मी उचलली. अजून पळावंसं वाटत असतानाच थांबायचं. त्याचा लिहिण्याचा नियम तोच आहे, मग दुसऱ्या दिवशी गाडी चटकन सुरू होते. पोटरी बरी झाल्यावर दुसरी फेरी मारायची खुमखुमी असतानाच शालिनी पॅलेसपाशी थांबायला लागलो. सप्टेंबरमध्ये चोवीस दिवस पळालो. आधीच्या वर्षी कुठल्याच महिन्यात पंधराच्या पुढं गेलो नव्हतो.

‘बॉर्न टू रन’मध्ये हरलेल्या स्कॉट ज्युरेकचं ‘ईट अँड रन’ (2012) बरं आहे. 1999 ते 2005 सलग सात वर्षं शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत जिंकलेला माणूस, दूधही न घेणारा पक्का शाकाहारी. प्रत्येक प्रकरणाअखेर एक पाककृती आहे. मी दोन केल्या. रविवारी घरात तांबडा-पांढरा शिजत असताना तिसरी करायचं धाडस झालं नाही. शिवाय माझ्या प्रतीची बांधणी महिन्याभरात सुटली. दुकानदारानं बदलून दिली नाही. पाककृतींची पानं आता फ्रीजवर आहेत.

चौथं रिचर्ड अ‍ॅस्कविथचं ‘टुडे वी डाय अ लिटल’ (2016), चेक धावपटू एमिल झाटोपेकचं चरित्र. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये यानं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं घेतली. मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. त्याच हेलसिंकीत आपले खाशाबा जाधव कांस्यपदक घेत होते, ज्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण टाकलं होतं. हे मनात आल्यावर पुस्तक परकं राहिलंच नाही. झाटोपेकचा सराव म्हणजे चारशे मीटर जोरात, मग थोडं सावकाश, पुन्हा चारशे, असं दिवसाला कितीतरी वेळा. मी विद्यापीठाच्या मैदानावर आठ केले आणि आडवा झालो. सोबत तालमीतला एक जुना पैलवान दोस्त होता. तो म्हणाला, “ही तर आमचीच मेहनत की रं. तुम्ही पायांनी करताय एवढंच.”

त्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा. म्हणून रोज एका फेरीत मी त्याला थोडं थोडं सांगतो, आणि पुढं काय झालं म्हणून तोच आता मला पहाटे फोन करून उठवतो. गजर लावणं मी बंद केलंय. काल हेलसिंकीचं तिसरं सुवर्ण झालं, तर गड्यानं रस्त्यातच शड्डू ठोकला. त्याला वाटतंय गोष्ट संपली. अजून 1968 यायचंय: सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर झाटोपेक उघड विरोधात बोलला, सैन्यातून आणि पक्षातून त्याला काढलं आणि मजुरीची कामं करायला लावली. हे रंकाळ्याच्या एका फेरीत बसायचं नाही. रविवारी पन्हाळ्याच्या चढाला जायचं ठरलंय, तिथं सांगेन म्हणतो.