कॅन्सर हॉस्पिटलचं ट्रायल युनिट, नागपूर: बाबांसोबतचे चार महिने (५ पैकी ४ स्टार)

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, कारण काही तक्रारी पण लिहायच्या आहेत आणि बाबांची ट्रीटमेंट तिथेच सुरू आहे. नागपुरातलंच आहे. रिव्ह्यू फक्त ट्रायल युनिटचा, म्हणजे नवीन औषध पेशंटवर तपासून बघतात तो विभाग.

बाबा ६७ वर्षांचे, कोराडीच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर. जानेवारीत डोळे पिवळे झाले, आम्ही साधी कावीळ समजून दहा दिवस झाडपाल्याच्या औषधात घालवले (प्लीज कोणी करू नका असं), मग सीटी काढला तर स्वादुपिंडात गाठ आणि लिव्हरवर पण ठिपके. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. या कॅन्सरमधे शंभरात १५-२० जणांचंच ऑपरेशन होऊ शकतं, कारण कळेपर्यंत तो पसरलेला असतो. पित्ताच्या नळीत स्टेंट (छोटी नळी) टाकून कावीळ उतरवली आणि घरी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाबांसमोर कॅन्सर हा शब्दच काढायचा नाही, पित्ताच्या नळीत गाठ आहे एवढंच सांगायचं. तुमच्या घरी पण असंच करून राहिले असाल तर पुढचं नक्की वाचा.

डॉक्टरांनी ट्रायलचं सुचवलं तेव्हा को-ऑर्डिनेटर ताईंनी पहिला प्रश्न विचारला, पेशंटला माहीत आहे का? मी म्हटलं मी मुलगा आहे, सही मी करतो. तर म्हणे, "दादा, तुमची सही चालत नाही. काका शुद्धीवर आहेत, लिहिता-वाचता येतं, औषध त्यांच्या अंगात जाणार, मग सही त्यांचीच." तेव्हा खूप राग आला होता मला, दोन दिवस घरी भांडणं झाली, आई तर ट्रायलच नको म्हणत होती.

शेवटी डॉक्टर आणि ताई दोघांनी दार लावून, फोन बाजूला ठेवून बाबांना सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प. मग आमच्याकडे न बघता विचारलं, "आजवर यात किती औषधं फेल गेली?"

आणि डॉक्टरांनी न टाळता उत्तर दिलं, याचेच माझ्याकडून पूर्ण मार्क. म्हणाले पुष्कळ गेली. गाठीभोवती जाड चिवट आवरण असतं, औषध आत नीट पोचत नाही, ते आवरण विरघळवायचं एक औषध सुरवातीला छान वाटलं पण २०१९ मधे मोठ्या ट्रायलमधे पेशंटचं आयुष्य काही वाढलं नाही. शंभरात नव्वदहून जास्त जणांच्या गाठीत के-रॅस नावाचा जीन चालू अवस्थेत अडकलेला असतो, पेशी वाढतच राहते, त्याला पकडणारं औषध कित्येक वर्षं कोणाला जमलं नाही, आता कुठे येऊन राहिली आहेत. केमोचे आकडे पण सांगितले. २०११ च्या ट्रायलमधे चार औषधांच्या फॉल्फिरिनॉक्सवर मधल्या पेशंटचं आयुष्य (म्हणजे निम्मे त्याहून कमी जगले, निम्मे जास्त) ११.१ महिने, नुसत्या जेमसिटाबिन या एका केमो औषधावर ६.८. २०१३ मधे जेमसिटाबिनसोबत नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमो औषध दिलं तर ८.५, नुसत्यावर ६.७. आई रडायला लागली. बाबांनी वही काढून आकडे लिहून घेतले, ड्युटीवर रीडिंग लिहायचे तसे.

आमच्या ट्रायलची गोळी इतकी नवीन की तिला नाव पण नाही, नुसता नंबर. लॅबमधे पेशींची वाढ मंदावली, उंदरांमधे पसरणं कमी झालं, पण उंदरात थांबलं म्हणजे माणसात थांबेलच असं नाही, हे ताईंनी तीनदा तरी सांगितलं. अर्ध्या पेशंटना केमो अधिक गोळी, अर्ध्यांना नुसती केमो, कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि मधेच सोडायचं असेल तर कधीही सोडा, बाकी ट्रीटमेंट थांबत नाही. फॉर्म पाच दिवस घरी वाचायला दिला.

तो फॉर्म ही माझी मोठी तक्रार. २२ पानं मराठीत आहेत पण "यादृच्छिकीकरण" कोणाला कळणार? चिठ्ठी टाकल्यासारखं असं लिहा ना सरळ. ताई नसत्या तर आम्ही पान तीनवरच थांबलो असतो. दुसरी तक्रार, बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर करत आठ दिवस गेले, या आजारात आठ दिवस खूप असतात. आणि केमोच्या दिवशी सकाळी ८ ला रक्त दिलं की सलाईन लागायला दोन वाजतात, मे महिन्याच्या उन्हात नातेवाईक कॉरिडॉरमधे उभेच.

बाबांच्या वाट्याला नुसती केमो आली, गोळी नाही. फोनवर नाही, समोर बसवून सांगितलं. मला फार लागलं ते. बाबा म्हणाले, "मोजायचं तर दोन्ही बाजूचं रीडिंग लागतंच." तीन आठवडे दर आठवड्याला सलाईन, चौथा आठवडा सुट्टी. दर ८ आठवड्यांचा सीटी ट्रायलच्या खर्चाने, नेहमीची केमो आमच्या खर्चाने, आणि हे आधीच लिहून दिलं होतं.

जाणार असाल तर सीटीआरआयचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, या सरकारी रजिस्ट्रीत नोंद २००९ पासून सक्तीची आहे, नंबर साइटवर टाकला की ट्रायलची माहिती दिसते. आणि पेशंटला सोबत न्या, नुसती फाइल घेऊन जाऊ नका.

पहिल्या सीटीत गाठ तेवढीच होती. दुसरा पुढच्या गुरुवारी आहे, बाबांचे प्रश्न वहीत लिहून झालेत.