‘क्युअर केलेला’ लाइव्ह रॉक थेट टँकमध्ये टाकला, आणि एका दिवसात काय झालं

“सहा आठवडे माझ्या टबात आहे, पूर्ण क्युअर झालाय. घरी गेलात की थेट टँकमध्ये टाका.” लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून काढलेला, जीव वसलेला भोकाभोकांचा दगड; खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात तो ठेवतात. ‘क्युअर’ झालेला म्हणजे त्याच्यावरची सड टँकबाहेरच होऊन गेलेला. तो विकणाऱ्याचं हे बोलणं मी खरं धरलं. १२ किलो दगड आणला, खाऱ्या पाण्यात विसळला आणि चालू टँकमध्ये रचून टाकला. टँकमध्ये दोन क्लाउनफिश होते, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दुधाळ झालेलं. स्किमरचा (पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राचा) कप भरून वाहत होता. श्रिम्प तळाशी मरून पडली होती आणि दोन्ही मासे वर येऊन भराभर कल्ले हलवत होते. सडण्यातून तयार होणारा विषारी अमोनिया तपासला तर २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग). आदल्या दिवशी शून्य होता. खाऱ्या टँकचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून हा आकडा पाहून मी घाबरलो. तयार असलेल्या ताज्या खाऱ्या पाण्यात मासे हलवले. एक तगला, दुसरा संध्याकाळी गेला.

मग सगळा दगड बाहेर काढला. एका मोठ्या तुकड्याच्या खोल भोकात ओल्या वर्तमानपत्राचा बोळा अडकला होता. लाइव्ह रॉक सहसा ओल्या कागदात गुंडाळून पाठवतात, त्यामुळे कागद सापडण्यात नवल नव्हतं. चिमट्याने तो उलगडला, तर कोपऱ्यात तारीख वाचता येत होती: मी दगड घेतला त्याच्या फक्त पाच दिवस आधीची! पाच दिवसांपूर्वी छापलेला कागद ज्या दगडात अडकलाय, तो सहा आठवडे टबात असेल कसा?

विक्रेत्याला विचारलं. “थोडा अमोनिया होतोच, त्यावरच बॅक्टेरिया वाढतात,” असं उत्तर आलं. मासे नसलेल्या नव्या टँकमध्ये हे चालतं. पण माझ्या टँकमध्ये मासे आहेत हे त्याला माहीत होतं. कागदाच्या तारखेबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मला राग आहे तो याचाच. ‘कच्चा माल आहे’ एवढं सांगितलं असतं, तरी मी तो आनंदाने घेतला असता आणि स्वतः क्युअर केला असता.

कारण दगड वाईट नव्हता. समुद्रातून निघून ओल्या कागदात प्रवास करताना त्याच्यावरचे स्पंज, शेवाळ, बारीक जीव मरतात आणि नंतर पाण्यात सडतात. ही सड टँकबाहेर होऊ देणं म्हणजेच क्युअरिंग. मी मोठ्या टबात १.०२५ घनतेचं खारं पाणी केलं, हीटर २५-२६ अंशांवर लावला, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) जोरात सोडला आणि शेवाळ माजू नये म्हणून दिवा बंद ठेवला. हातमोजे घालून प्रत्येक तुकडा ब्रशने घासला. दगडात लपलेल्या ब्रिसल वर्मचे (केसाळ किड्याचे) केस बोटात घुसले की फार जळजळतं, म्हणून मोजे घालायलाच हवेत. पांढरा बुळबुळीत थर आलेले स्पंज खरवडून काढले. आठवड्यातून दोनदा निम्म्याहून जास्त पाणी बदललं. पाच आठवड्यांनी अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारी असलेलं नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले, तेव्हा दगड टँकमध्ये गेला.

मधल्या काळात कुणीतरी सुचवलं, “उकळून घे, एका तासात काम.” हे कधीही करू नका. दगडावर झोअँथिड (प्रवाळासारखे जीव) असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर श्वासात जाऊ शकतं. यामुळे माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

घेताना तुकडा नाकाशी धरा. क्युअर झालेल्याला समुद्राचा स्वच्छ वास येतो, कच्च्याला सडक्या अंड्यासारखा. मलाही तो वास आला होता; विक्रेता म्हणाला, “समुद्राचा वास असाच असतो,” आणि मी गप्प बसलो. जांभळ्या रंगालाही भुलू नका. माझ्या दगडावर कोरलाइन शेवाळ (दगडाला जांभळा रंग देणारं कडक शेवाळ) झकास होतं, सड आतल्या भोकांत होती. घरी आणल्यावर बादलीत ताजं खारं पाणी, हीटर आणि हवेचा पंप लावून दगड दोन दिवस ठेवा, मग अमोनिया तपासा. शून्य नसेल तर विक्रेत्याने काहीही शपथेवर सांगितलेलं असो, तो दगड क्युअर झालेला नाही.

त्याच खेपेतला दगड आणखी काही जणांनी घेतला, असं विक्रेता बोलण्याच्या ओघात म्हणाला होता. तुम्ही नुकताच असा ‘तयार’ दगड टाकला असेल, तर आज रात्रीच अमोनियाचं किट काढून पाणी तपासा, आणि टँक भरण्याइतकं नाही तरी मासे हलवण्यापुरतं खारं पाणी आधी कालवून ठेवा.